आला का गं डबा?

स्वप्नालीच्या उजव्या अंगठ्याला दुखणं लागलं होतं आणि ते कशानं लागलं हे सांगायची तिला लाज वाटायची. खुरपून हात दुखतो, धुण्यानं कंबर धरते, हे माणूस चारचौघांत सांगू शकतं. पण दिवसभर परक्या लोकांचं कौतुक करून अंगठा दुखतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरनं विचारलं तेव्हा कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून तिनं वेळ मारून नेली. त्यानं मलम दिलं आणि हाताला विश्रांती द्या म्हणाला. विश्रांती म्हणे. ती काय बाजारात मिळते?

काम असं होतं. राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर ऋतुराज नावाच्या तरुणाचं जाहिरातीचं ऑफिस होतं. एक सराफ, पन्हाळ्याच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट, एक तूपवाला, एक पैठणीवाला ही त्याची गिऱ्हाइकं. पूर्वी रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवला की जाहिरात झाली असं समजायचे. आता ब्लॉगर धरावे लागतात. खरं तर लिहिणारे ब्लॉगर आता औषधालासुद्धा सापडत नाहीत, सगळे व्हिडिओवालेच. पण इन्स्टाग्रामवर खाण्याचं, फिरण्याचं काहीही टाकणाऱ्याला त्या ऑफिसात ब्लॉगरच म्हणायचे, तर आपणही म्हणू. त्यांना गाठायचं, बोलतं करायचं आणि गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल चार शब्द वदवून घ्यायचे, हे स्वप्नालीचं काम.

ऋतुराजचा दंडक होता, की पहिल्याच मेसेजात काही मागायचं नाही. आधी आठवडाभर त्या ब्लॉगरच्या प्रत्येक व्हिडिओखाली काहीतरी गोड लिहायचं. मग हळूच हात जोडायचे, मग ख्यालीखुशाली विचारायची आणि मग पिशवीतून तुपाची बरणी काढायची. सोयरीक जुळवायला गेलेले लोक आधी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात ना, तसंच. फरक एवढाच, की सोयरिकीत समोरचा माणूस निदान चहा तरी पाजतो. इथं बहुतेक जण मेसेज बघायचे आणि गप्प बसायचे. बघितल्याची खूण तेवढी दिसायची. मग काही दिवसांनी पुन्हा आठवण करायची, तीही हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकून.

पाच वर्षं हे केल्यावर बाईचं काय होणार? एकदा तिच्या मोनानं शाळेतून चित्र काढून आणलं. स्वप्नाली बघता बघता बोलून गेली, "वा, खूपच सुंदर, असंच करत राहा." पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू बघितलंच न्हाईस." खरंच होतं ते. त्या दिवसापासून 'छान' हा शब्द घरात उच्चारायचा तिला धाक वाटायला लागला. रोज दुकानात विकायचा माल घरच्या पोरीला कसा द्यायचा, असं तिचं झालं होतं.

ती राहायची कसबा बावड्यात. नवरा साखर कारखान्यात पाळीवर. दोन घरं सोडून आक्काचा डंक होता. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो, की कोल्हापुराकडं चटणी म्हणजे लाल तिखट, कांदा-लसूण-खोबरं घालून कुटलेलं, आणि ती कुटायचं यंत्र म्हणजे डंक. लोखंडी उखळं आणि त्यात धाडधाड वरखाली होणारी मुसळं. उन्हाळा लागला, की बायका आपली मिरची, आपला भाजलेला मसाला घेऊन यायच्या आणि स्वतःची चटणी कुटून होईपर्यंत तिथंच शिंकत बसायच्या. सासूच्या तक्रारी, पोरांची लग्नं, सगळं त्या धडधडीतच बोलून व्हायचं.

आक्काचं नाव धोंडुबाई, पण ते फक्त रेशनकार्डावर आणि भांड्यांवर. आता डंकावर येणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. पाकीट विकत मिळतंय तर कुटत कोण बसतंय? त्यात मागच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या लोकांना चटणी ताटात चालत होती, पण तिचा खकाणा खिडकीतून आलेला चालत नव्हता. त्यांनी तक्रारी केल्या. आक्काचा मुलगा विश्वजित काही वाईट माणूस नव्हता, पण तोही वैतागला. एक जण त्याच्याकडं गाळा मागत होता, नळ आणि बेसिनं विकायला. विश्वजितनं आईला सांगून टाकलं, ह्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढलं तर डंक ठेवू, नाहीतर भंगारात घालू. आक्कानं तीस-बत्तीस वर्षं त्या धडधडीत काढली होती. एखादा दिवस यंत्र बंद राहिलं की रात्री तिला झोप लागायची नाही, अशी तिची गत.

म्हणून ती स्वप्नालीकडं आली. तुझं ते ब्लॉगरवाल्यांचं काम हाय न्हवं, माझ्या चटणीचं बी तेवढं बघ की, म्हणाली. नाही म्हणणं स्वप्नालीच्या जिवावर आलं. तिच्या बाळंतपणात आक्कानं महिनाभर डिंकाचे लाडू पोचवले होते. शिवाय तिला वाटलं, चला, निदान एक मेसेज तरी मनापासून लिहू. दुपारच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून ती आक्काच्या चटणीबद्दल लिहायची. संकेश्वरी मिरची नेसरीकडनं येते, देठ हातानं खुडलेले असतात, असलं खरंखुरं. शंभरेक जणांना पाठवलं. निम्म्यांनी बघितलं नाही, बऱ्याच जणांनी बघून सोडून दिलं, काहींनी आपले दर कळवले. ते दर वाचून तिनं मोबाईल पालथा घातला. शेवटी डझनभर जणांनी पत्ता दिला. पाठवा, चाखून बघतो, आवडली तर टाकू.

घोडं अडलं ते पुढं. ऋतुराजच्या ऑफिसात नमुना पाठवायचा म्हणजे चकचकीत पाकीट. आक्कानं पाकीट हातात घेतलं, वास घेतला आणि बाजूला ठेवून दिलं. प्लास्टिकात चटणी घालून पाहुण्याला द्यायची, हे तिला पटेना. तिनं माळ्यावरनं स्टीलचे डबे काढले. लग्नामुंजीत आहेर द्यायला म्हणून आणलेले, प्रत्येकावर मशीननं कोरलेलं, 'धोंडुबाईकडून सप्रेम'. एकेक डबा काठोकाठ भरला, वर हिंगाचा खडा ठेवला, झाकण दाबून बसवलं.

स्वप्नालीनं समजावून बघितलं, की आक्का, डबे जातील ते गेले, ही माणसं परत पाठवत नसतात. आक्का हसली. "चटणी खाऊन डबा ठिवून घेणारं माणूस अजून जल्माला यायचं हाय. आन पाठवलाच तर रिकामा कोण पाठवतंय? चार शेंगा तरी घालतंयच की."

आता हिला काय सांगणार? गल्लीतून वाटी आली की ती रिकामी परत जात नाही. साखर घाला, पेरू घाला, काहीच नसलं तर मीठ घाला, पण वाटीला तळ दिसू द्यायचा नाही. आक्काची सत्तर वर्षं त्याच हिशेबानं गेलेली. मेसेज बघून गप्प बसणारी माणसं तिच्या गावीच नव्हती. स्वप्नाली आधीच दमलेली, वाद घालायचं त्राण नव्हतं. डबे खोक्यात घालून तिनं कुरिअरनं पाठवून दिले. तिथंच चुकलं बघा. तेव्हाच हट्ट धरला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

दिवस गेले. कुणी चटणीबद्दल चकार शब्द टाकला नाही. कुणी म्हणालं फार तिखट आहे, आमच्या लोकांना चालणार नाही. कुणी नुसता अंगठा दाखवला. आणि पुण्याच्या एका बाईनं खरोखरच व्हिडिओ टाकला. स्वप्नालीनं बसमध्येच तो उघडला, तर काय! आक्काचा डबा आरशापुढं ठेवलेला आणि त्यात तोंड रंगवायचे ब्रश उभे केलेले. चटणीचं नाव नाही. खाली हजारो माणसं विचारत होती, कित्ती गोड डबा, कुठं मिळतो? 'धोंडुबाईकडून सप्रेम' हे कुणाला कुणाला फारच आवडलं होतं. आक्काची सबंध जाहिरात झाली होती, एक चटणी तेवढी राहिली. स्वप्नालीनं तो व्हिडिओ कुणालाच दाखवला नाही.

आणि इकडं रोज संध्याकाळी ती बसमधून उतरली, की आक्का डंकाच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. तिचा एकच प्रश्न, "आला का गं डबा?" त्यात तगादा नव्हता, तक्रार नव्हती. शेजारणीला पाणी आलं का विचारावं तसं विचारायची. स्वप्नाली म्हणायची, अजून नाही, येईल आक्का. दिवसभर लोकांच्या उत्तराची वाट बघायची आणि संध्याकाळी आपण कुणाच्या तरी वाट बघण्याला उत्तर द्यायचं, तेही नाही म्हणून. पुढं पुढं ती मागच्या बोळातून घरी जायला लागली. तिथं कुत्री अंगावर यायची, तरी तिला ती बरी वाटायची.

एक दिवस ऑफिसात ऋतुराज तिच्यावर उखडला. पन्हाळ्याच्या रिसॉर्टला ब्लॉगर मिळेनात, तुझ्या मेसेजात जीव राहिला नाही, म्हणाला. संध्याकाळी बस धरायच्या ऐवजी ती महाद्वार रोडला गेली, भांड्यांच्या दुकानातून तसाच एक डबा घेतला, दुकानदाराकडून त्यावर तेच नाव कोरून घेतलं आणि आजऱ्याच्या काजूनं तो भरला. डबा पिशवीत घालून ती डंकापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, पुण्याहून आला."

आक्कानं डबा दोन्ही हातांत घेतला. झाकण उघडलं, क्षणभर नाकाशी धरलं, काजूंकडं बघितलं, स्वप्नालीकडं बघितलं. "बरं झालं बाई," म्हणाली आणि तिला पाणी दिलं. त्या रात्री स्वप्नाली बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली. खोटं कशाला सांगा, तिला पश्चात्ताप बिश्चात्ताप काही झाला नाही. एका माणसाला तरी आपण आज नाही म्हणालो नाही, एवढंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आक्का तोच डबा चटणीनं भरून तिच्या घरी घेऊन आली. असू दे घरात, म्हणाली. आक्काचा हात असाच सढळ, म्हणून स्वप्नालीनं ठेवून घेतला. पण एकदा हे सुरू झालं की थांबतंय कुठं? थोड्या दिवसांनी तिनं नाशिकहून आला म्हणून राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा दिला. मग सोलापूरहून खजुराचा आला. प्रत्येक वेळी आक्का झाकण नाकाशी धरायची, बरं झालं म्हणायची, आणि एक-दोन दिवसांत डबा चटणीनं भरून स्वप्नालीच्या ओट्यावर यायचा. तिच्या फळीवर तीन डबे रांगेत बसले. आक्काची चटणी खाऊन घरातल्या सगळ्यांची जीभ सोकावली, आणि स्वप्नालीच्या डोक्यात काही शिरलं नाही. दमलेल्या माणसाचं डोकं असंच असतं, समोरचं दिसत नाही.

मे महिन्यात एका रविवारी विश्वजित तिच्या दारात आला. गाळा मागणारा माणूस उत्तरासाठी मागं लागला होता. आई म्हणते डबे भरून परत येतायत, म्हणजे लोकांना चटणी आवडली, गिऱ्हाईक येणारच, अजून एक वर्ष थांब. विश्वजितला काही सुधरेना. तो म्हणाला, "वैनी, तुमी ह्यातल्या हायसा. खरं काय ते सांगा. तुमी ठेव म्हणला, तर ठेवतो मी डंक."

झाली पंचाईत. हो म्हणावं तर बिचाऱ्याचा गाळा नुसता खोट्यावर अडकणार आणि वर्षानं पुन्हा हेच. नाही म्हणावं तर डंक आपल्या तोंडानं भंगारात गेला. हजारो मेसेज केलेल्या बाईला दोन शब्दांचं उत्तर सुचेना. संध्याकाळी सांगते म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं, चहासुद्धा विचारला नाही, आणि उन्हातच डंकाकडं गेली.

यंत्र बंद होतं. आक्का पोत्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. स्वप्नाली तिच्यासमोर खाली बसली आणि एकही देठ न खुडता तिनं सगळं सांगितलं. पुण्याच्या बाईनं डब्यात ब्रश ठेवले, एकही डबा परत आला नाही, ते काजू मी आणले, ते लाडू मी आणले, नावं मी कोरून घेतली, विश्वजित उत्तर मागतोय. सांगताना ती रडली नाही, आवाज मात्र खाली खाली गेला.

आक्काचा हात काही थांबला नाही. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी कळलंतं. चटणी एकदा डब्यात बसली, की राखंनं घासा न्हायतर चिंचंनं घासा, वास जात न्हाय. तुझ्या डब्याला नुसता दुकानाचा वास."

"मग बोलला का नाही, आक्का?"

"तू दमून आलतीस," आक्का म्हणाली.

एवढंच. स्वप्नालीला तेव्हा रडू फुटलं. पाच वर्षांत ऑफिसात, बसमध्ये, घरात कुणी तिला हे म्हटलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला म्हटलं नव्हतं. आक्कानं तिला रडू दिलं. खाली सगळी चटणी सांडलीय, हात डोळ्याला लावू नको, तेवढं मात्र बजावलं. मग म्हणाली, "आन डबा दिला कुणी? तू. मग मी भरून कुणाला द्यायचा? पुण्याच्या बाईला?"

तेव्हा कुठं स्वप्नालीला फळीवरचे तीन डबे दिसले. एवढे दिवस घरात होते, पण दिसले आत्ता. दिवसभर ती माणसांना हाका मारत फिरत होती, आणि जिनं प्रत्येक हाकेला भरल्या डब्यानं उत्तर दिलं, ती दोन घरांवर बसली होती.

विश्वजितला डब्यांचं सांगितलं ते माझं खोटं, तुझ्याकडं त्याचं काही नाही, असं आक्का पुढं म्हणाली. एक उन्हाळा पदरात पडावा म्हणून सांगितलं, पडला. ह्या पोत्यातल्या मिरच्या कुटून झाल्या की त्याला मीच सांगते, घे म्हणावं तुझा गाळा. स्वप्नाली काही बोलायला गेली, तर आक्कानं तिच्यापुढं मिरच्यांचं सूप सरकवलं. मग दोघी देठ खुडत बसल्या.

महिनाअखेरीला टेम्पो आला आणि डंक घेऊन गेला. आक्का दारात उभी राहिली नाही, आत जाऊन भाकरी थापत बसली. गल्लीत एवढी शांतता झाली, की पहिले काही दिवस सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आता तिथं काचेमागं पांढरीशुभ्र बेसिनं आहेत आणि नव्या इमारतीतले लोक खिडक्या उघड्या ठेवतात. स्वप्नाली अजून त्याच ऑफिसात आहे. नोकरी अशी सुटत नसते. अंगठ्याला पट्टी बांधते आणि तुपाचं, पैठणीचं लिहिते. मागच्या बोळातून मात्र जात नाही.

तिन्ही डबे तिनं पुरवून पुरवून वापरले, तरी संक्रांतीच्या तोंडाला पहिला संपला. तिनं तो घासला, उन्हात ठेवला, पुन्हा घासला. मग सुट्टी टाकून घरी तिळाच्या वड्या थापल्या. थोड्या जळाल्या, मोनानं तसं तोंडावर सांगितलंही. त्यातल्या बऱ्यापैकी निवडून डबा भरला आणि आक्काकडं घेऊन गेली.

आक्का नळाच्या दुकानाशेजारच्या कट्ट्यावर ऊन खात बसली होती. कान आता कमी झाले होते तिचे. तिनं डबा घेतला, झाकण काढलं आणि नेहमीसारखं नाकाशी धरलं. ह्या वेळी जरा जास्त वेळ धरलं. मग डोळे मिचकावून, नळ बघायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आला गं, डबा आला."